घरांतला धर्म : लक्ष्मीबाई टिळक

योहानाच्या शुभवर्तमानांत काना गांवच्या लग्नाची गोष्ट आहे. लग्नघरीं द्राक्षारस संपतो आणि येशू चाकरांकडून दगडी रांजण पाण्यानें भरवून घेतो. ही गोष्ट बहुतेकांस ठाऊक असते; परंतु ते सहा रांजण तेथें मुळांत कशासाठीं ठेविले होते, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. शुभवर्तमानकारानें तें आवर्जून सांगितलें आहे. ते यहुदी लोकांच्या शुद्धीच्या रिवाजासाठीं होते. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर सोवळ्याचे. विटाळ फेडण्यासाठीं ठेविलेल्या त्या रांजणांतलें पाणी पंक्तीला वाढलें गेलें, आणि येशूच्या सार्वजनिक आयुष्यांतला पहिला चमत्कार घडला तो मंदिरांत नव्हे, तर एका गृहस्थाच्या घरीं, वाढप्यांच्या धांदलींत.

या दृष्टीनें शुभवर्तमानें पुन्हां चाळलीं तर त्यांत घरें किती आणि स्वयंपाक किती, याचें नवल वाटतें. पेत्राची सासू तापानें पडलेली असते. ताप उतरतांच ती उठून पाहुण्यांचें पाहूं लागते. पुनरुत्थित ख्रिस्त तिबिर्य सरोवराच्या कांठीं कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजून दमल्याभागल्या शिष्यांना न्याहारीस बोलावितो. राहतां राहिली मार्था. प्रभूच्या पायांशीं बसून ऐकणारी मरिया श्रेष्ठ, आणि कामाच्या रगाड्यांत त्रासलेली मार्था कनिष्ठ, असा उपदेश चर्चमध्यें वर्षांतून एकदां तरी होतोच. उपदेश आटोपल्यावर उपदेशक जेवावयास जातात ते मात्र कोणा मार्थेच्याच घरीं.

महाराष्ट्रांत हा घरांतला ख्रिस्ती धर्म कसा असतो, हें ज्या एका स्त्रीच्या आयुष्यांत स्वच्छ पाहावयास मिळतें ती स्त्री म्हणजे 'स्मृतिचित्रें' या ग्रंथाच्या कर्त्या लक्ष्मीबाई टिळक. आणि त्यांच्या कथेचा आरंभही सोवळ्याच्या पाण्यापासूनच होतो.

१८६८ सालीं नाशिकजवळच्या जलालपूर गांवीं गोखल्यांच्या घरीं त्यांचा जन्म झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. त्यांच्या आईचे वडील सत्तावनच्या बंडाच्या धामधुमींत फांसावर गेले होते. त्या घटनेचा धसका मनकर्णिकेच्या वडिलांनीं असा घेतला कीं त्यांच्या डोक्यांत शुद्धाशुद्धतेचें वेड शिरलें, तें पुन्हां निघालें नाहीं. धान्य धुवावयाचें हें एक वेळ समजण्यासारखें आहे. पण त्या घरांत मीठसुद्धां धुऊन घेतलें जाई! धुतल्यावर मीठ किती उरतें, हें कोणाही गृहिणीस सांगावयास नको. लक्ष्मीबाईंनीं पुढें म्हातारपणीं हा सारा प्रकार लिहिला तो हंसत हंसत. वाचणाऱ्यालाही हंसूं येतें. मात्र पुस्तक मिटल्यावर ध्यानांत येतें कीं त्या घरांत देवाचें नांव आणि भीति हीं दोन्ही एकाच पाण्यानें धुतलीं जात होतीं, आणि एक लहान मुलगी तें पाहत होती.

१८८० सालीं, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आंत-बाहेर, नारायण वामन टिळकांशीं त्यांचें लग्न झालें. टिळक कवि, विद्वान, मनानें अत्यंत उदार आणि तितकेच लहरी. आज एका गांवीं, उद्यां दुसऱ्या. नोकरी धरली काय, सोडली काय. सत्याच्या शोधांत असलेल्या या माणसाला १८९३ सालीं नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन जिंकलें. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

पत्नीस या निश्चयाची पूर्वकल्पना कितपत होती, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी त्याचा आघात कोणावर पडला, याविषयीं संशय नाहीं. टिळकांना नवा प्रभु मिळाला, नवे मित्र मिळाले, नवें काम मिळालें. लक्ष्मीबाईंच्या पदरांत एक लहान मुलगा आणि लोकांची कींव एवढेंच उरलें. नवरा जिवंत, पण घर नाहीं. कुंकू कपाळीं, पण त्या कुंकवाला मान नाहीं. बहिणीच्या आश्रयानें त्यांनीं नाशिक, पंढरपूर येथें चार-पांच वर्षें काढलीं. धर्मांतराच्या कथा पुष्कळदां ज्यानें धर्म बदलला त्याच्या बाजूनें सांगितल्या जातात. त्यांतला त्याग खरा असतो; परंतु त्या त्यागाची निम्मी किंमत दुसऱ्याच कोणीतरी, कोणी न विचारतां, मोजलेली असते. 'स्मृतिचित्रें' हा ग्रंथ मोलाचा आहे तो या कारणासाठींही कीं त्यांत ती दुसरी बाजू बोलते, आणि बोलतांना नवऱ्यावरचें प्रेम लपवीत नाहीं कीं त्याच्यावरचा रागही लपवीत नाहीं.

शेवटीं लक्ष्मीबाई नवऱ्याकडे गेल्या. नवऱ्याकडे गेल्या, त्याच्या धर्माकडे नव्हे. अहमदनगरास एका मिशनच्या वस्तींत, ख्रिस्ती नवऱ्याच्या शेजारीं, त्यांनीं आपलें ब्राह्मणी सोवळें मांडलें. चूल निराळी, पाणी निराळें, भांडीं निराळीं. या ठिकाणीं टिळकांच्या मोठेपणाची नोंद केली पाहिजे. स्वतः इतके उतावळे असलेले, क्षणांत पेटणारे टिळक याबाबतींत बायकोवर बळजोरी करीत नसत. तिला जें समजावयाचें तें तिचें तिला समजूं द्यावें, एवढा धीर त्यांनीं धरला.

आणि तें समजलें कसें? कोणा पाद्रीसाहेबांच्या व्याख्यानानें नव्हे, ग्रंथ वाचूनही नव्हे. लक्ष्मीबाई शाळेंत कधीं गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती घरीं, टिळकांच्या लहरीप्रमाणें. त्यांचें मन चाललें तें रोजच्या पाण्याभोंवतीं. हें पाणी कोणी आणलें, त्याला शिवलें कोण, तें चालेल कीं नाहीं, हे प्रश्न दिवसांतून दहा वेळां उभे राहत. आणि समोर तर माणसेंच माणसें. त्यांत आजारी असत, भुकेलीं असत, मायाळू असत. त्यांच्या हाताला विटाळ म्हणावयाचें तरी किती? विचार करतां करतां त्यांनीं आपल्या साध्या बुद्धीनें एक प्रश्न स्वतःला घातला. जाति देवानें केल्या कीं माणसांनीं? देवानें केल्या असत्या तर पशुपक्ष्यांच्या जाति जशा अंगावरूनच ओळखूं येतात तशा माणसांच्याही आल्या असत्या. माणूस तर इथून तिथून सारखाच घडलेला. मग हें काम देवाचें नव्हे. एवढें पटलें, आणि त्या क्षणापासून कोणाच्याही हातचें खावयाचें त्यांनीं ठरविलें.

पंडितांना हा युक्तिवाद बाळबोध वाटेल. वाटो. ज्या मुलीच्या घरीं मीठ धुतलें जात होतें तिनें तो केला आहे, हें विसरतां कामा नये. बापाच्या भीतीनें जी गांठ मारली होती ती तिनें एकटीनें, चुलीजवळ बसून, सोडविली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधीं माठ, मग ताट, आणि विधि सर्वांच्या शेवटीं, असा हा क्रम आहे. चर्चच्या नोंदवहींत तो उलटा दिसत असेल, कारण नोंदवही विधीपासून सुरू होते.

त्याच सुमारास, १८९९ ते १९०० या वर्षांत, लोक ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात तो पडला होता. गुजराथ, राजपुताना, मध्यप्रांत, दख्खन असा दूरवर त्याचा फेरा होता. केडगांवीं पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत शेंकडों निराधार मुली आणि स्त्रिया येत होत्या. तें कार्य मोठें. त्याला शिस्त होती, इमारती होत्या, दूरदेशींचें साह्य होतें. टिळकांच्या घरीं यांपैकीं कांहींच नव्हतें. तेथें होता तो एक कनवाळू पुरुष, जो रस्त्यावर दिसलेल्या निराधाराला हातीं धरून घरीं आणी. आणि एक बाई, जी त्याला न्हाऊं घाली, त्याच्या डोक्यांतल्या उवा काढी आणि डब्यांत उरलेलें पीठ किती जणांना पुरेल याचा अदमास घेई. कालपर्यंत जिला परक्याच्या सावलीचा विचार करावा लागे, तिच्या मांडीवर आतां कोणाचें कोण मूल निजे.

टिळकांच्या हातीं पैसा टिकत नसे. घरच्या बाजारासाठीं काढून ठेविलेली रक्कम एखाद्या अडलेल्याच्या हातांत पडावी, पाहुण्यांना आमंत्रण द्यावें आणि घरीं तें सांगावयाचें विसरावें, हे त्यांचे नित्याचे प्रकार. भक्तचरित्रें लिहिणाऱ्यांना अशा गोष्टी फार आवडतात. एकनाथांची, तुकारामांची चरित्रें ऐकत वाढलेल्या महाराष्ट्रानें टिळकांनाही त्याच मालिकेंत बसविलें, आणि तें गैर नाहीं. परंतु तुकारामांच्या चरित्रांत जिजाई असते, आणि तिला बहुतेक कीर्तनकार कजाग ठरवून मोकळे होतात. लक्ष्मीबाईंना असें ठरविण्याची कोणाची छाती झाली नाहीं, कारण त्यांनीं आपलें चरित्र स्वतःच लिहून ठेविलें. त्या भांडत, रुसत, नवऱ्याला चार शब्द सुनावीत. आणि आलेल्या माणसाला मात्र उपाशी परत पाठवीत नसत. दान देणारा हात दिसतो. त्या दानानंतर सायंकाळीं आमटींत पाणी वाढविणारा हात दिसत नाहीं. ख्रिस्ती सेवा म्हणून जी कांहीं आहे ती या दुसऱ्या हातानें अधिक केली कीं पहिल्या, याचा हिशेब कोणी मांडावयाचा?

या घराच्या दारांतून आंत आलेल्यांत एक मोठा कविही होता. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत 'बालकवि' ही पदवी मिळालेला हा मुलगा पुढें अहमदनगरास टिळकांच्या घरीं येऊन राहिला. लक्ष्मीबाईंनीं त्याला घरच्या मुलासारखें वागविलें, म्हणजे लाडही केले आणि रागेंही भरल्या. त्यांच्या आठवणींतला ठोंबरे हा सौंदर्याचा थोर उपासक वगैरे नसून एक हळवा, हट्टी, चटकन् रुसणारा आणि चटकन् हंसणारा पोरगा आहे. १९१८ सालीं जळगांवाजवळ भादली स्टेशनावर आगगाडीच्या अपघातांत तो गेला. तो हिंदूच होता आणि हिंदूच राहिला. धर्मप्रसार हा ज्या घराचा व्यवसाय, त्या घरांत एक परधर्मीय मुलगा असा मायेनें सामावला, यांतून त्या घरच्या ख्रिस्ती धर्माविषयीं जें कळतें तें एखाद्या मोठ्या ग्रंथांतूनही कळणार नाहीं.

१९१९ च्या मे महिन्यांत टिळक वारले. त्याच्या आधीं दोन वर्षें मिशनची चाकरी सोडून त्यांनीं संन्यस्त वृत्ति पत्करली होती. ख्रिस्ताला भारतीय वेषांत पाहण्याचा त्यांना ध्यास लागला होता. त्यांचीं भजनें आजही मराठी चर्चमध्यें गाइलीं जातात. लक्ष्मीबाई त्यांच्या मागें जवळजवळ सतरा वर्षें राहिल्या, आणि वार्धक्यांत त्यांनीं आठवणी लिहावयास घेतल्या. 'स्मृतिचित्रें'चा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं तो ग्रंथ वाचला असेल त्यांना आठवत असेल कीं एका प्रसिद्ध ख्रिस्ती कुटुंबाच्या त्या कथेंत सिद्धांतांची चर्चा अगदीं थोडी आहे. भाकरी, भांडीं, बिऱ्हाडें, आजारपणें, हरवलेल्या वस्तू, वेळीं-अवेळीं आलेलीं माणसें यांनींच तीं पानें भरलेलीं आहेत. प्रभूचें नांव येतें तें मध्येंच, घरांतल्या वडील माणसाचें यावें तसें.

टिळकांनीं एक मोठें काम अर्धवट टाकलें होतें. ख्रिस्ताचें चरित्र ओवीबद्ध करावें या हेतूनें त्यांनीं १९०९ सालीं 'ख्रिस्तायन' आरंभिलें. दहा-अकरा अध्यायांच्या पुढें तें गेलें नाहीं. तीं बाडें घरांत तशींच होतीं. कोणी विद्वान तें काम पुरें करील अशी वाट पाहणें शक्य होतें. लक्ष्मीबाईंनीं वाट पाहिली नाहीं. नवऱ्याकडून घरींच मुळाक्षरें गिरवावयास शिकलेल्या त्या बाईनें लेखणी उचलली आणि चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ च्या फेब्रुवारींत त्या वारल्या. राहिलेला शेवटचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनीं पुरा केला आणि १९३८ सालीं 'ख्रिस्तायन' छापून निघालें.