ढगांआडचे भात



आपल्या खानापूर तालुक्यातला भात वाढतो तो नेमका आभाळ भरलेल्या महिन्यांत. साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह तेव्हा वरून जातो खरा, पण त्याला शिवार दिसत नाही, ढगांची पाठ दिसते. आभाळ मोकळे होईतो पीक पोटरीत आलेले असते.

सूक्ष्मलहरींनी ही अडचण दूर केली. रडार उपग्रह स्वतःच लहरी सोडतो आणि जमिनीवरून परत येणारा त्यांचा प्रतिसाद मोजतो. त्याला ऊन लागत नाही आणि ढग त्याला अडवत नाहीत. इस्रोने 26 एप्रिल 2012 रोजी सोडलेला रिसॅट-1 याच जातीचा. इस्रो आणि नासा यांनी मिळून बांधलेला निसार 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. तो दर 12 दिवसांनी त्याच मार्गावर परत येतो.

रडारला हिरवा रंग कळत नाही. कळतो तो आकार आणि ओलावा. चिखलणी करून पाणी भरलेले शेत आरशासारखे वागते. लहरी त्यावरून पलीकडे निसटतात आणि चित्रात ती जागा काळी उमटते. रोपांनी फुटवे धरले, की लहरी ताटांवर आणि पाण्यावर आपटून मागे फिरतात. जागा उजळू लागते. आधी काळे, मग उजळ, हा क्रम दिसला की भात ओळखावा. लावणीचा सुमारही त्यावरूनच लागतो. लहर जितकी लांब, तितकी ती पानोळ्यात खोल शिरते. निसारची सुमारे 24 सेंटिमीटरची लहर झाडांच्या फांद्या-खोडांपर्यंत पोहोचते.

तरीही हा डोळा चुकतो. डोंगरउतारावर त्याचे चित्र वेडेवाकडे होते, पावसाने भिजलेली पाने वेगळाच प्रतिसाद देतात, तळ्यात माजलेले गवत भातासारखे भासू शकते. म्हणून प्रत्यक्ष शेतावरची नोंद हवीच. पीकविम्याच्या कामात कापणी प्रयोगांच्या जोडीला उपग्रहाची माहिती येऊ लागली आहे. उद्या एखाद्या शेताचे नुकसान त्या चित्रात नीट उमटले नाही, तर शेतकरी कशाच्या बळावर बोलणार?

आपल्यापैकी अनेकांची शेती आज गावाकडे दुसरेच कुणी कसते. त्यांना एवढे जरूर सांगा: लावणीची तारीख, भाताची जात आणि शेतात पाणी तुंबल्याचे दिवस एका वहीत टिपून ठेवा.