चौथीनंतर दाखला कुठे न्यायचा?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘शाळेनं मला काय दिलं’ यावर बोलायला सांगितलं होतं. त्यावर सकाळपासून बरेच जण बोलले आणि छान बोलले. मी जरा वेगळा विषय घेतेय. तो आपल्या शाळेला थोडा अडचणीचा आहे, तेव्हा सरांनी मधेच घंटा वाजवली तर मी थांबेन.

आपण सगळे या शाळेत पाचवीला आलो. पहिलीला कुणीच नव्हतं, कारण इथे पहिली नव्हतीच. बहुतेक जण मेहकर तालुक्यातल्या खेड्यांमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलो होतो. तिथे चौथी झाली की गुरुजी दाखला हातात द्यायचे. तो घेऊन पुढे कुठे जायचं, ते घरच्यांनी ठरवायचं. आमच्या गावच्या चौथीत आम्ही सात मुली होतो. पाचवीला इथे आलो तिघी. उरलेल्या चौघी नापास झाल्या नव्हत्या. त्यातली एक तर माझ्यापेक्षा हुशार होती, पाढे तिचेच पाठ असायचे. तिच्या काकांचं म्हणणं एवढंच होतं, “चौथी झाली ना, बस झालं. आता रोज कोन नेऊन घालीन?”

आज हे सांगताना मला त्या काकांचा राग येत नाही. मला त्या रचनेबद्दल बोलायचं आहे. महाराष्ट्रात पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी उतरंड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तेव्हा इंग्रजी पाचवीत सुरू व्हायची. पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. म्हणजे आमच्या वेळी जी मुलगी चौथीला थांबली, तिनं एबीसीडीसुद्धा शाळेत पाहिली नाही. इंग्रजीत लिहिलेलं नाव वाचायलाही ती कुणाला तरी विचारणार.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्या धंद्यात बिघाड बहुतेक वेळा एका प्रणालीच्या आत सापडत नाही. दोन प्रणाली जिथे जोडल्या जातात, तिथे सापडतो. इथेही तसंच होतं. गावच्या शाळेच्या रजिस्टरात नोंद : चौथी उत्तीर्ण, दाखला दिला. आपल्या शाळेच्या रजिस्टरात नोंदच नाही, कारण ती मुलगी आलीच नाही. दोन्ही रजिस्टरं अगदी बरोबर. आणि मुलगी गायब. आता ऑनलाइन नोंदी असतात, त्यामुळे कोण कुठे गेलं ते शोधता येतं. पण शोधणं वेगळं आणि गळूच न देणं वेगळं.

न गळू देण्याचा उपाय कायद्यानं सांगितलेला आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पहिली ते आठवी हे एकच प्राथमिक शिक्षण मानलं गेलं. त्यात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. २०१३ साली शासनानं चौथीच्या शाळांना पाचवी आणि सातवीच्या शाळांना आठवी जोडायचा निर्णय घेतला. शिष्यवृत्तीची परीक्षाही चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली होती, ती याच हिशेबानं.

मग आज किती गावांत पाचवी जोडली गेली? काही गावांत झाली, काही गावांत कागदावर आहे. का, ते इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त स्नेहमेळाव्यात कुणी बोलत नाही. गावात पाचवी सुरू झाली की आपल्यासारख्या माध्यमिक शाळेची पाचवीची तुकडी कमी होते. तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं समायोजन कुठे होईल, हे सांगता येत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यात उन्हातान्हात शिक्षकांना गावोगाव पट गोळा करत फिरावं लागतं. कुणी वह्या देतं, कुणी गाडीची सोय करतं. यात शिक्षकांना दोष देणं मला जमणार नाही. ज्यांनी मला भूमिती शिकवली, त्यांनी दारोदार हिंडून विद्यार्थी मागावेत हेच मला पटत नाही.

दुसरी बाजूही सांगते. इथे येणं माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट होती. प्रयोगशाळा, वेगळे विषयशिक्षक, दुसऱ्या गावांच्या मुली. गावच्या शाळेत दोन गुरुजी आणि चार वर्ग होते. त्यांच्यावर पाचवी टाकली की दोन गुरुजी आणि पाच वर्ग. कायद्यातही साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक आहेत. सहावी ते आठवीला मात्र प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा आणि विज्ञान-गणित, भाषा, सामाजिक शास्त्र असे तिन्ही हवेत. पट लहान असला की इथेच गाडी अडते. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयावर शिक्षक संघटना भडकल्या त्या याच प्रश्नावरून, की कमी पटाच्या सहावी ते आठवीला शिक्षक मिळणार कसे?

इथे एक घोळ होतो, तो आधी सोडवायला हवा. वर्ग जोडणं आणि शाळा जोडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची कल्पना आली. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. पानशेत आणि तोरणमाळ ही उदाहरणं दिली गेली. तोरणमाळच्या डोंगरात ते योग्य असेल. पण आपल्याकडे गावातली पहिली-दुसरी बंद करून सहा वर्षांच्या लेकराला गाडीत बसवणं म्हणजे चौथीनंतर होणारी गळती पहिलीवर आणून ठेवणं. वर्ग वर जोडत जावेत. खालचे काढून घेऊ नयेत.

मला सुचतं ते असं. पाचवी प्रत्येक गावात. सहावी ते आठवी प्रत्येक गावात होणार नाही, हे मान्य करावं. तीन-चार गावांच्या मधलं एक गाव निवडावं, मुलांना सायकलनं जाता येईल असं, आणि तिथल्या जिल्हा परिषद शाळेला आठवीपर्यंतचे वर्ग आणि तिन्ही विषयांचे शिक्षक द्यावेत. मुलींना पाचवीपासून एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. आठवीच्या पुढे काही तालुक्यांत मानव विकासची निळी बसही आहे. पण पास मोफत असून भागत नाही, बस यावी लागते. पैनगंगेला पूर आला की काय व्हायचं, ते पलीकडच्या गावांतून येणाऱ्यांना विचारा. मागच्या रांगेतले हसतायत, त्यांना आठवलं.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे माझी एक विनंती आहे. ज्या गावात जिल्हा परिषदेची पाचवी सुरू आहे, त्या गावात आपण पाचवीचे विद्यार्थी मागायला जाऊ नये. त्यामुळे आपली तुकडी कदाचित तुटेल. इथल्या एक-दोन शिक्षकांच्या घरात चिंता येईल, हे मी हलकं समजत नाही. त्यांचं समायोजन याच तालुक्यातल्या सहावी ते आठवीच्या रिकाम्या जागांवर व्हावं, यासाठी आपण माजी विद्यार्थ्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे निवेदन घेऊन जाऊ. मसुदा मी लिहून आणला आहे, चहाच्या टेबलावर ठेवते.

आणि आपल्या बॅचनं जमवलेला निधी. प्रवेशद्वाराचा ठराव झालाय, मला माहीत आहे. कमान चांगलीच दिसेल. तरी विचारते : त्यातला अर्धा भाग प्रयोगशाळेला देता येईल का? दर शनिवारी दुपारी जवळच्या गावांतली सहावी ते आठवीची मुलं इथे येऊन प्रयोग करतील. त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च आपण उचलायचा. आपल्या बॅचमध्ये तिघेजण विज्ञानाचे शिक्षक आहेत, दोघं तर याच तालुक्यात. गणितासाठी व्हिडिओवर तास घ्यायचे असतील तर शनिवारचे दोन तास माझ्या नावावर लिहून घ्या. कमानीचं काय ते मतदानानं ठरवू, पण जेवणाआधी. जेवणानंतर या बॅचचं कुणीही सभागृहात परत येत नाही.