‘हिचं डोकं ठिकाणावर नाही’

मैत्रिणींनो, आत्ता आपण पाहिलेला ‘माय नेम इज ज्युलिया रॉस’ हा सिनेमा १९४५ सालचा. जेमतेम तासाभराचा, कोलंबिया कंपनीनं स्वस्तात काढलेला. दिग्दर्शक जोसेफ लुईस. पण पटकथा म्यूरिएल रॉय बोल्टन या बाईची, आणि मूळ कादंबरीवरचं ‘अँथनी गिल्बर्ट’ हे पुरुषी नावही एका बाईनंच घेतलेलं, ल्यूसी मॅलेसननं!

लंडनमध्ये ज्युलियाला सेक्रेटरीची नोकरी मिळते आणि ती जागी होते कॉर्नवॉलच्या समुद्रकाठच्या घरात. तिथे सगळे तिला मॅरियन म्हणतात. मुलानं बायकोचा खून केलाय, आई तो निस्तरतेय. आता त्यांना हवंय ‘आत्महत्या केलेल्या सुनेचं’ प्रेत.

खिडकीच्या गजांपेक्षा मला भीती वाटली ती नोकरांची, पाहुण्यांची. वाईट नाहीत हो ती माणसं. त्यांना फक्त सांगून ठेवलंय, सूनबाईंचं डोकं ठिकाणावर नाही. मग ती जितक्या जोरात स्वतःचं नाव सांगते, तितकी वेडी ठरते. (आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहितात, तेव्हा तर कुणी ओरडतही नाही.)

एम.एस.डब्ल्यू. होऊन मी नुकतीच कामाला लागले होते. एका गृहभेटीत सासूबाईंनी दिलेला चहा घेतला, त्यांचं सगळं ऐकलं आणि वहीत लिहिलं, ‘मनोरुग्ण?’ सून आतल्या खोलीत होती. तिच्याशी मी बोललेच नाही.

पुढे नवऱ्याच्या घटस्फोटाच्या अर्जात माझ्या टिपणाचा दाखला होता. प्रश्नचिन्ह तेवढं गळालं होतं.