पगार महिन्याने, पोट रोज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. चारचौघींत बोलण्याची सवय नाही, तेव्हा चूकभूल सांभाळून घ्यावी.

आपल्या घरातला मुलगा अठरा वर्षांचा झाला की आपण त्याला ओवाळतो. बालगृहातल्या मुलाला त्याच वयात निरोप मिळतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलांना पुढे २१ वर्षांपर्यंत आधार देण्याची तरतूद आहे. त्याला अनुरक्षण म्हणतात. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात व सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षणही आहे. पण कायदा सर्वांच्या दारापर्यंत पोचतोच असे नाही, हे मला एका मुलाने शिकविले.

तो आमच्या आळीतल्या वायरमनच्या हाताखाली काम शिकत होता. हात हुशार, पण रोज उशिरा यायचा, पेंगायचा. एकदा मीच बोलले, "रात्री काय दिवे लावतोस रे?" खाली मान घालून तो म्हणाला, "काकू, स्टेशनावर झोपतो. पोलीस दोनदा उठवतात." त्या रात्री मला जेवण गेले नाही.

यांच्याशी बोलून आम्ही त्याला मागची खोली दिली. शेजारणी म्हणाल्या, "कोणाचा कोण!" लपवीत नाही, पहिला आठवडा मीसुद्धा कपाटाची किल्ली उशाखाली घेऊन झोपले. त्याची आज लाज वाटते.

तेव्हा कळले, नुसते काम शिकवून भागत नाही. झोपायला जागा हवी, आंघोळीला पाणी हवे, दाखले ठेवायला पेटी हवी, अर्जावर लिहायला पत्ता हवा. नोकरी लागली तरी पगार महिन्याने होतो. पोट रोज मागते. त्या पहिल्या महिन्यातच पुष्कळ मुले काम सोडतात, आणि आपण त्यांना आळशी म्हणतो.

आता तो भाड्याच्या खोलीत राहतो. नोकरीच्या फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात त्याने माझे नाव लिहिले आहे.

भगिनींनो, आपल्या शिलाई वर्गाची यंत्रे दुपारी रिकामी असतात. बालगृहातून निघालेल्या दोन मुलींना त्यांवर शिकवू. पापडाच्या नफ्यातून त्यांच्या पहिल्या महिन्याच्या खाणावळीचे पैसे भरू. एवढे तर आपल्याच्याने होईल ना?