वेशीवरचा नाका आणि मुशीतलं सोनं



लहानपणी मी अब्बांबरोबर घोंगड्यांचं ओझं घेऊन बाजाराला जायचो. मोठ्या गावाच्या वेशीवर जकात नाका लागायचा. आत माल न्यायचा तर आधी पैसे मोजायचे. म्हणून काहीजण नाक्याच्या अलीकडंच, बाभळीखाली पथारी मांडायचे. खेड्यातलं गिऱ्हाईक तिथंच थांबायचं. दोन रुपये स्वस्त पडायचं. हळूहळू तिथं चहाची टपरी आली, सायकलीचं दुकान आलं. कराच्या एका रेघेनं वस्ती उभी केली. 1999 मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात उठली, नाका गेला आणि ती वस्तीही विरळ झाली.

देशाच्या सीमेवर हेच घडतं. फक्त तिथं घोंगड्यांऐवजी सोनं असतं. आणि त्या सोन्याशी आमच्या माणदेशाचं नातं आहे.

माण, खटाव, आटपाडी, खानापूर हा पाऊस हुकलेला मुलूख. इथली माणसं पोटासाठी बाहेर पडली आणि गलाईवाले झाली. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबानं शुद्ध करायचे, टंच काढायचा. आज भारताच्या बहुतेक सराफ बाजारांत आपली मराठी बोलणारी भट्टी सापडते. सीमेलगतच्या गावांतही सापडते, कारण जिथं सोन्याची उलाढाल, तिथं गलाईवाला.

आता सोन्याचा हिशेब पाहा. 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, 1968 मध्ये त्याचा कायदा झाला. कारागिरांचे हात रिकामे झाले, पण सोन्याची हौस काही कमी झाली नाही. दुबईचं सोनं गलबतांतून कोकणपट्टीवर उतरू लागलं. 1990 मध्ये तो कायदा रद्द झाला. 2012 च्या सुरुवातीपर्यंत आयात शुल्क अगदी थोडं होतं. ऑगस्ट 2013 पर्यंत ते 10 टक्क्यांवर गेलं. जुलै 2022 मध्ये ते 15 टक्के झालं. समजा, किलोचा भाव 60 लाख. म्हणजे चोरवाटेनं आलेल्या एका किलोमागे 9 लाखांचा फरक. हा फरक वाटेतल्या प्रत्येक हाताला मोह घालतो.

त्या साखळीत आमचा गलाईवाला कुठं बसतो? मुशीपाशी. लगड वितळली की तिच्यावरचा शिक्का गेला, शिक्का गेला की तिचं गाव गेलं. आणि सीमाशुल्क कायदा, 1962 सांगतो की चोरटं असल्याच्या वाजवी संशयानं सोनं जप्त झालं, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडं सापडलं त्याच्यावर. शेठ लांब राहतो, पोरगा भट्टीवर सापडतो.

आमच्या शेजारच्या घरातला एक मुलगा उत्तरेकडच्या सीमेजवळच्या गावात भट्टी चालवतो. 2023 च्या उन्हाळ्यात एका रात्री त्याचा वडिलांना फोन आला. कुणीतरी बिनकागदाची लगड घेऊन आलं होतं. एका रात्रीची मजुरी तीन महिन्यांच्या कमाईएवढी. अण्णा फोन घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "भाई, तुम्ही शिकलेलं माणूस. काय सांगू त्याला?" मी बी.ए. झालो ते मराठी घेऊन. कायद्यातलं मला काय कळणार? मी एवढंच विचारलं, "ज्याचा माल, तो पोराच्या नावाची पावती घेईल का?" अण्णांनी तोच प्रश्न फोनवर विचारला. पलीकडं बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "परत पाठवतो."

त्यानं लगड परत पाठवली. त्या माणसाबरोबर आणखी दोन गिऱ्हाइकंही तुटली. गावाकडच्या घराचा स्लॅब त्या वर्षी पडला नाही.

जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात शुल्क 6 टक्क्यांवर आलं. त्याच 60 लाखांवर 9 लाखांचे 3 लाख 60 हजार झाले. त्या दिवाळीला पोरगा आला, तेव्हा म्हणाला, "चाचा, आता रात्रीचं दार फारसं वाजत नाही." ना पहारा वाढला होता, ना माणसं एकाएकी सज्जन झाली होती. मधला फरक आटला होता.

कर हवाच, त्यावरच रस्ते आणि शाळा चालतात. पण दर ठरवणाऱ्यानं एक हिशेब जास्तीचा मांडावा. दोन दरांत जेवढी दरी, तेवढा मोह. आणि त्या दरीच्या काठावर कुणातरी दुष्काळी गावचं पोर भट्टी पेटवून बसलेलं असतं.