निक ड्रेक : श्रोत्यांच्या हाती सोपवलेली गाणी



आज ज्या गायकाबद्दल बोलायचं आहे, त्याचं नाव सभागृहातल्या पुष्कळांनी ऐकलेलं नसेल. निक ड्रेक. इंग्लंडमधला. स्वतः गाणी लिहायचा, स्वतःच चाल लावायचा आणि गिटारवर गायचा. १९६९ ते १९७२ या काळात त्याच्या तीन रेकॉर्ड निघाल्या. त्यातल्या एकीच्याही तेव्हा पाच हजार प्रती खपल्या नाहीत असं सांगतात. नोव्हेंबर १९७४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी तो गेला, आणि जगाला त्याचा पत्ताही लागला नाही. आज वॉरिकशर परगण्यातल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात, चर्चच्या आवारातल्या त्याच्या समाधीपाशी देशोदेशीची माणसं येऊन उभी राहतात. कुणी फुलं ठेवतं, कुणी गिटार वाजवायचं पिक ठेवून जातं. त्यांत अशी मुलं असतात की निक गेला तेव्हा त्यांचे आईवडीलसुद्धा शाळेत जात नव्हते.

हे कसं झालं? 'काळ शेवटी न्याय करतोच' असं अशा वेळी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. काळाच्या भरवशावर सोडलेली कितीतरी गाणी कायमची गेली. निक ड्रेकच्या बाबतीत कुणी, केव्हा, काय केलं ते नावानिशी सांगता येतं, आणि आज मी तेच सांगणार आहे.

आधी घराबद्दल. निकचा जन्म १९ जून १९४८ चा, रंगूनचा. वडील रॉडनी ड्रेक इंजिनिअर, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये नोकरीला. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली ही सागवानाची कंपनी. तिचं नाव आपल्याकडच्या एका मोठ्या करुण कथेत येतं. याच कंपनीला ब्रह्मदेशच्या दरबारानं दंड ठोठावला, त्याचं निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले घेतलं आणि थिबा राजाला कुटुंबासकट देशोधडीला लावलं. तो अखेरपर्यंत रत्नागिरीत राहिला, तिथंच १९१६ मध्ये वारला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपण पाहिला असेल. ज्या व्यापारानं त्या राजाचं घर मोडलं, त्याच व्यापाराच्या पगारावर पुढे ड्रेक कुटुंबाचं घर चाललं. इतिहासाचे धागे असे कुठून कुठे जातात, म्हणून हे सांगितलं. निकच्या गाण्यांत त्याचा मागमूस नाही.

आई मॉली. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या, तेव्हा ती बहिणीबरोबर दिल्लीत आली आणि दोघी बहिणी 'लॉइड सिस्टर्स' या नावानं ऑल इंडिया रेडिओवर गायल्या. निकची थोरली बहीण गॅब्रिएल, पुढे नावाजलेली अभिनेत्री, हिचा जन्म १९४४ चा, लाहोरचा. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब इंग्लंडला परतलं आणि टॅनवर्थमधल्या 'फार लीझ' या घरात राहायला गेलं. तिथं मॉली पियानोवर स्वतः रचलेली गाणी म्हणायची. कुणासाठी नाही, घरासाठी. रॉडनींना यंत्रांची आवड. त्यांनी टेपरेकॉर्डर आणला आणि बायकोची गाणी टेपवर घेतली. पुढे मुलाचीही घेतली. या टेपा ध्यानात ठेवा.

मुलगा केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकायला गेला. १९ वर्षांचा असताना लंडनच्या एका कार्यक्रमात फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडच्या ॲशली हचिंग्जनं त्याला ऐकलं आणि निर्माता जो बॉइडला त्याचं नाव सांगितलं. बॉइड अमेरिकन, तोही पंचविशीतलाच. पहिल्या रेकॉर्डचं काम सुरू झालं, तेव्हा वाद्यमेळ बांधायला एक अनुभवी माणूस बोलावला होता. निकला त्याचं काम आवडलं नाही. अबोल, संकोची पोरगा, पण इथं हटून बसला : माझा कॉलेजातला मित्र आहे, रॉबर्ट कर्बी, तो करील. कर्बीनं तोवर एकाही रेकॉर्डसाठी वाद्यमेळ बांधलेला नव्हता. त्यानं केलं, आणि आज ते वाद्यमेळ अभ्यासले जातात. निक मुळात दुबळा, भिडस्त होता असं जे सांगतात, त्यांनी एवढा एक प्रसंग लक्षात घ्यावा.

एकच गाणं मात्र कर्बीला झेपेना : 'रिव्हर मॅन'. ते हॅरी रॉबिन्सन या जाणत्या संगीतकाराकडे गेलं. या गाण्याबद्दल जरा सावकाश बोलू द्या. पाश्चात्त्य लोकप्रिय गाणं बहुधा चार मात्रांत चालतं. हे पाच मात्रांत आहे. म्हणजे आपल्या झपतालाचं अर्धं आवर्तन घ्या. पाच मात्रा असल्या की ऐकणाऱ्याला कुठेतरी लंगडल्यासारखं वाटावं, पण निकच्या उजव्या हाताची बोटं ती लय अशी काही सपाट पाण्यासारखी वाहवतात की मोजायला गेल्याशिवाय पाच आहेत हे कळत नाही. त्यावर आवाज येतो. बारीक, खालच्या पट्टीतला, शब्दाच्या शेवटी थोडा विरणारा. तो मात्रेवर पाय देत नाही, जरा मागून येतो. कडवं झाल्यावर मागून तंतुवाद्यं शिरतात आणि सूर एकदम गडद होतो. हे सगळं एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवून घेतलं होतं : मध्ये स्टुलावर गिटार घेऊन निक, भोवती व्हायोलिन-चेलोवाले. ध्वनिमुद्रक जॉन वुड. चेल्सीतला 'साउंड टेक्निक्स' स्टुडिओ. आजच्यासारखं तुकड्यातुकड्यांनी जोडलेलं नाही. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा वाद्यवृंदाच्या मधोमध बसून पाच मात्रांत गात होता आणि कुठेही हलला नाही.

१९६९ ची 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट', १९७१ ची 'ब्रायटर लेटर', आणि १९७२ ची 'पिंक मून'. शेवटची दोन रात्रींत झाली. खोलीत फक्त निक आणि जॉन वुड. गिटार, गळा, आणि पहिल्या गाण्यात पियानोचे थोडे सूर. सगळी मिळून २८ मिनिटांची.

या रेकॉर्ड विकल्या का गेल्या नाहीत? कारण साधं आहे. निक कार्यक्रम करू शकत नव्हता. गिटारच्या तारा तो नेहमीच्या स्वरांत लावायचा नाही; या गाण्याला एक जुळवणी, त्या गाण्याला दुसरी. रंगमंचावर दोन गाण्यांच्या मध्ये तारा पिळत बसायचा, तोंडातून शब्द नाही. लोक बिअर पीत गप्पा मारायला लागायचे. १९७० मध्ये एका कॉलेजातल्या कार्यक्रमात तो गाणं अर्धवट टाकून उठून गेला, आणि त्यानंतर तो रंगमंचावर जवळजवळ आलाच नाही. तेव्हा ना रेडिओवर फारसा, ना मुलाखती फारशा. त्याच्या तरुणपणाचं एकही चलचित्र उपलब्ध नाही. मग नैराश्यानं घेरलं. तो टॅनवर्थला आईवडिलांकडे परतला. रॉडनींनी त्या काळात रोजनिशी ठेवली होती. मुलगा आज जेवला का, बोलला का, गाडी घेऊन कुठे गेला, कधी परतला. त्यातला काही भाग पुढे छापला गेला आहे. मुलाच्या आजारापुढे हतबल झालेल्या बापाचं इतकं संयमी लेखन मी दुसरं वाचलेलं नाही.

मृत्यूबद्दल मी थोडक्यात बोलणार आहे. मृत्युचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं आत्महत्या असा निष्कर्ष काढला; त्याच्या काही मित्रांना तो कधीच पटला नाही. एवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट. १९७१ मध्ये जो बॉइडनं आपली कंपनी आयलंड रेकॉर्ड्सला विकली आणि तो कॅलिफोर्नियाला गेला. विकताना त्यानं एक अट घातली : निक ड्रेकच्या रेकॉर्ड कधीही यादीतून काढायच्या नाहीत. या अटीचं मोल समजून घ्या. न खपणारी रेकॉर्ड कंपनी दोन-तीन वर्षांत बंद करते. मग ती जुन्या बाजारात सापडली तर सापडली. निकच्या बाबतीत तसं झालं नाही. १९७६ मध्ये मित्राच्या खोलीवर कुणी त्याचं गाणं ऐकलं, तर दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ती रेकॉर्ड मागवता येत होती. वर्षाला थोड्या का होईना, प्रती जात राहिल्या. चाहत्याच्या प्रेमाला हातात धरायला काहीतरी लागतं. ते बॉइडनं मागे ठेवलं. कलावंतावर विश्वास असणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि मग लोक फार लीझला यायला लागले. कुणी अमेरिकेतून, कुणी युरोपातून, पाठीवर पिशवी टाकलेली पोरं. पत्ता शोधत खेड्यात यायची, बेल वाजवायची. रॉडनी आणि मॉली तेव्हा साठी ओलांडलेले किंवा तिच्या उंबरठ्यावरचे. ज्या घरात मुलगा गेला, त्याच घराच्या दाराशी अनोळखी माणूस त्या मुलाबद्दल विचारायला उभा. दुसऱ्या कुणी दार लावून घेतलं असतं, आणि त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. या दोघांनी आत बोलावलं. चहा दिला. त्याची खोली दाखवली. आणि रॉडनींनी त्या जुन्या घरगुती टेपांवरून कॅसेटी करून दिल्या. कॉलेजच्या दिवसांत मुलानं घरी बसून म्हटलेली गाणी, स्वतःची आणि दुसऱ्यांची, अनोळखी पोरांच्या हातावर ठेवली.

हाती घेतलेलं सगळं फसलं, असं निक आईला एकदा म्हणाला होता. आणखी एक आठवण मॉलींनी सांगितली आहे : माझ्या गाण्यानं एका तरी माणसाला आधार झाला असं मला कळलं, तर केलं त्याचं चीज झालं, अशा अर्थाचं तो बोलला होता. ही पोरं तेच सांगायला येत होती. ज्याला ऐकायचं होतं तो नव्हता, म्हणून आईवडिलांनी ऐकून घेतलं. मला वाटतं, त्यांनी मुलाच्या वतीनं केलेलं हे शेवटचं काम होतं, आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं केलं. रॉडनी १९८८ मध्ये गेले, मॉली १९९३ मध्ये.

त्या कॅसेटींच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या. पुढे काहींनी त्यांच्या चोरट्या सीडी काढून विकल्या. हा विश्वासघातच होता, त्याला दुसरं नाव नाही. तरीही रॉडनींनी कॅसेटी द्यायला नको होत्या, असं मी म्हणणार नाही. २००७ मध्ये गॅब्रिएल यांनी तीच ध्वनिमुद्रणं 'फॅमिली ट्री' या नावानं रीतसर प्रसिद्ध केली, तेव्हा ती नीट ऐकायला उत्सुक असलेले श्रोते आधीच तयार होते.

मधला प्रवास भराभर सांगते. १९७९ मध्ये आयलंडनं तिन्ही रेकॉर्डचा 'फ्रूट ट्री' हा संच काढला. तोही फारसा खपला नाही. पण गाणारे ऐकत होते. १९८५ मध्ये ड्रीम अकॅडमी या बँडचं एक गाणं गाजलं, ते निकला अर्पण केलेलं होतं. जॅझ पियानोवादक ब्रॅड मेल्डाउ 'रिव्हर मॅन' वाजवू लागला. मग १९९९ च्या अखेरीस फोक्सवॅगन गाडीची जाहिरात आली : चांदण्या रात्री चार तरुण उघड्या गाडीतून चालले आहेत, मागे 'पिंक मून'. पार्टीच्या दारापर्यंत जातात आणि आत न शिरता परत रस्त्याला लागतात. अमेरिकेत त्या रेकॉर्डचा खप एकदम वाढला. जुन्या चाहत्यांपैकी काहींना ते गाणं गाडी विकायला वापरलेलं खपलं नाही. त्यांचं दुःख मी समजू शकते. आपण जे एकट्यानं जपलं, ते एका रात्रीत सगळ्यांचं झालं की वाईट वाटतंच. पण जे गाणं कुणाच्याही कानावर पडत नव्हतं, ते घराघरांत वाजलं. मी जाहिरातीच्या बाजूची आहे.

एका गोष्टीवर मात्र चाहत्यांशी माझं भांडण आहे. निकवरचं पुष्कळसं प्रेम त्याच्या मरणाभोवती घोटाळतं. प्रत्येक ओळीत शेवटाची चाहूल शोधायची, प्रत्येक फोटोत उदास डोळे पाहायचे. जणू तो गायला तो मरण्याच्या तयारीसाठीच. हा त्याच्यावर अन्याय आहे. 'नॉर्दर्न स्काय' ऐका. जॉन केल या संगीतकारानं त्यात सेलेस्टा हे वाद्य वाजवलं आहे, घुंगरासारखा निथळ आवाज. आणि गाणं निखळ आनंदाचं आहे, प्रेमात पडलेल्या माणसाचं. दुखणं होतं म्हणून तो असा गायला, हे खरं नाही. दुखणं वाढलं तशी गाणी थांबत गेली. १९७४ च्या उन्हाळ्यात त्यानं मोजकी चार-पाच गाणी ध्वनिमुद्रित केली, एवढंच. आजारानं आपल्याला काही दिलं नाही, आपलं नेलं.

चाहत्यांच्या प्रेमाला पुढे एक फळ आलं, ते सांगून संपवते. निकच्या चाली कुठून आल्या हे शोधणाऱ्या श्रोत्यांचं लक्ष त्याच्या आईकडे गेलं. 'फॅमिली ट्री'त मॉलींची दोन गाणी होती. मग पन्नाशीच्या दशकात रॉडनींनी घेतलेल्या त्या टेपा पुन्हा बाहेर काढल्या, त्या साफ केल्या जॉन वुडनं, ज्यानं मुलाच्या तिन्ही रेकॉर्ड केल्या होत्या, आणि मॉली ड्रेक यांची स्वतंत्र रेकॉर्ड निघाली. कधी सभेत न म्हटलेली, पियानोवरची छोटी छोटी गाणी. सुरांची तीच अनपेक्षित वळणं, तोच अलगद उच्चार. आता त्यांचेही चाहते आहेत.

घरी गेल्यावर ऐकणार असाल तर 'पिंक मून'पासून सुरुवात करू नका, सगळे तिथूनच करतात. आधी 'ब्रायटर लेटर' लावा, मग पहिली, मग मॉलींची, आणि 'पिंक मून' सर्वांत शेवटी.