लसीकासंस्था आणि हत्तीपाय



आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत आकडे जुळवत बसणारी आम्ही माणसे. म्हणून सुरुवात आकड्यानेच करतो. बारीक केशवाहिन्यांतून रक्तातला पातळ द्रव सतत बाहेर झिरपतो आणि पेशींना पोसतो. त्यातला रोज सुमारे ३ लिटर द्रव थेट रक्तात परतत नाही. अंगातल्या सगळ्या रक्तातील पातळ द्रव मिळूनच साधारण तेवढा भरतो! म्हणजे ही बाकी रोज जमा झाली नाही, तर खाते रिकामे व्हायला वेळ लागणार नाही. ती जमा करणारी व्यवस्था म्हणजे लसीकासंस्था, आणि तो द्रव म्हणजे लसीका.

इटलीच्या गास्पारो असेली यांना १६२२ साली नुकतेच खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या पोटात या वाहिन्या पांढऱ्या दोऱ्यांसारख्या दिसल्या. आतड्यातील स्निग्ध पदार्थ याच वाटेने जातात, म्हणून तो पांढरा रंग.

रक्ताला हृदयाचा पंप आहे. लसीकेला तसा नाही. वाहिन्यांचे स्वतःचे आकुंचन, चालताना दाबले जाणारे स्नायू आणि श्वास यांच्या बळावर ती वर चढते. आतल्या झडपा तिला मागे येऊ देत नाहीत. शेवटी गळ्याच्या मुळाशी ती शिरांत मिसळते. दिवसभर काउंटरवर बसून संध्याकाळी चपला घट्ट का होतात, याचे एक कारण इथे आहे.

पण परतीच्या वाटेवर तपासणी नाके आहेत. मानेत, काखेत, जांघेत, पोटात मिळून शेकडो लसीका ग्रंथी असतात. टाचेत काटा मोडून पिकले की जांघेत अवधाण येते. म्हाताऱ्या बाया ते हाताने चाचपून आधी पाय बघायला सांगत. बरोबरच सांगत! जखमेतल्या जंतूंचे तुकडे घेऊन काही पेशी लसीकेबरोबर त्या ग्रंथीत पोचतात. तिथे असंख्य लसीका पेशी असतात. त्यांतील जिला तो जंतू ओळखता येतो, ती झपाट्याने वाढते. काही पेशी प्रतिपिंडे बनवतात, काही बाधित पेशींना मारतात, आणि थोड्या आठवण ठेवून राहतात. लसीकरणाचा सारा आधार ही आठवणच आहे. अवधाण म्हणजे तिथे चाललेली गर्दी. मात्र गाठ दुखत नसेल, टणक असेल, आठवडे गेले तरी उतरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावी.

आता आमचा खरा मुद्दा. आपल्या पूर्व विदर्भात हत्तीपाय जुना आहे. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासामुळे त्याचे जंतू अंगात येतात आणि मोठे होऊन लसीकावाहिन्यांतच वर्षानुवर्षे घर करतात. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात, द्रव साचतो. नाकी बंद पडलेल्या त्या पायात साधी भेगसुद्धा चिघळते, ताप येतो, आणि प्रत्येक तापासरशी सूज वाढते. लागण पुष्कळदा लहानपणी होते, पाय सुजतो तरुणपणी. म्हणून लोक त्याला मागच्या जन्मीचे पाप म्हणतात, नाहीतर घराण्याचा रोग. मुलीच्या आईचा पाय बघून सोयरीक मोडलेली आम्ही पाहिली आहे. डासाने पसरवलेल्या कृमीचा दोष त्या पोरीच्या माथी!

त्यावरचे औषध डीईसी. मूळ भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील चमूने ते शोधले. १९४७ साली ते पुढे आले. देशात २००४ पासून वर्षातून एकदा गोळ्या वाटण्याची मोहीम चालू झाली. पण आपली शिकलेली माणसेच गोळी खिशात टाकतात. "आम्हाला कुठे हत्तीपाय आहे?" म्हणतात. अहो, पाय बारीक असलेल्यांच्या रक्तातही जंतू असतात आणि डास ते त्यांच्याकडूनच उचलतो. गोळीनंतर कधी ताप, डोकेदुखी होते, ती बहुधा रक्तातले जंतू मरताना होते. गरोदर बाई, दोन वर्षांखालील मूल आणि अतिशय आजारी माणूस सोडून बाकीच्यांनी जेवून, कार्यकर्त्यासमोरच गोळी घ्यावी.

ज्यांचा पाय सुजलाच आहे, त्यांनी तो रोज साबणाने धुवावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, भेगांना मलम लावावे, बसताना पाय उंच ठेवावा. तापाच्या खेपा याने कमी होतात. धुण्याचे हे काम त्या बाईला एकटीला वाकून जमत नाही. घरातल्या कुणीतरी बादली घेऊन जवळ बसावे लागते.